विहिरीवरची म्हातारी

माझी नात पुण्यात नोकरी करते. तिच्या ऑफिसातली माणसं रविवारी आमच्याकडे कळंबला येणार होती आणि ती त्यांना एक खेळ खेळवणार होती, पहिल्यांदाच. खेळ असा, की एकानं छापील पुस्तकावरून गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. ते जमतं की नाही, हे फासा ठरवतो. खेळ फसला तर ऑफिसात हसं होईल, याची तिला धास्ती होती. म्हणून शनिवारी दुपारी ते पुस्तक माझ्यावर आणि सुनेवर तपासून बघायचं ठरलं. मी चौथी शिकलेली, पण गोष्ट ऐकायला शाळा लागत नाही.

"डोंगरातलं गाव आहे," नात सांगू लागली. "एक जनावर रोज मेंढरं उचलून नेतं. त्याला मारायला तुम्ही आलाय. दिवस मावळलाय. विहिरीवर एक म्हातारी एकटीच पाणी शेंदतेय."

"एकटीच?" सून म्हणाली. "हातात बॅटरी, काठी काही नाही?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. दिवस कलला की आम्ही परसातसुद्धा दोघी मिळून आणि मोठ्यानं बोलत जातो.

"हिला भ्या कसं न्हाई?" मी म्हणाले. "जनावर हिचंच असणार. धरा तिला."

"आजी, अगं विचार तरी तिला काहीतरी!"

"चोराला काय इचारायचं? बांध गं."

सुनेनं फासा टाकला, तो चांगला पडला. गोष्टीतली म्हातारी गोठ्यात बांधली गेली.

नात पानं उलटत राहिली. जनावराच्या गुहेची वाट एकट्या त्या म्हातारीला ठाऊक होती, आणि तिला कोणी बांधलं तर पुढं काय, हे लिहिणाऱ्यानं लिहिलंच नव्हतं. "भिकार पुस्तक आहे. उद्या काय करू मी?" तिचा चेहरा पडला.

"जनावर येतंय का तिला सोडवायला, ते सांग की," सून म्हणाली.

नातीनं पुस्तक मिटलं. "येतंय."

मग जे सुरू झालं, त्यात भाकरी थापायची राहिली.

नंतर तिनं पुस्तकातली राहिलेली पानं वाचून दाखवली आणि विचारलं, "खरं सांग, आजी, पुस्तक कसं आहे?"

"गुहा झ्याक लिव्हलीय. जनावर बी. पण समदं एका बाईवर टाकलंय. आख्ख्या गावात दुसऱ्या कुणालाच वाट म्हाईत नसती व्हय?"

तिनं लगेच पेन्सिलीनं एक मेंढपाळ आणि एक पुजारी वाढवला.

रविवारी पाहुण्यांना दोघांचीही गरज पडली नाही. त्यांनी म्हातारीला वाट विचारली, आभार मानले आणि गुहेत शिरले. आरडाओरडा एवढा, की शेजारीण बघायला आली. जेवताना सगळे पुढचा रविवार ठरवत होते आणि नात खुशीत होती.

माझ्या शेजारी जेवायला बसलेल्या पुण्याच्या मुलीला मी विचारलं, "त्या म्हातारीचा संशय न्हाई आला तुला?"

"संशय कसला, आजी? पाणी तर भरत होती बिचारी."

मी तिला अजून भात वाढला.