दादाच्या कागदाचं मराठी

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. विम्याची पत्रं, सोसायटीच्या नोटिसा, कुणाचा आखातातल्या नोकरीचा फॉर्म. मी इंग्रजी शाळेत शिकले होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कुणाशी फार बोलत नसे. लोकांना ते सोयीचं वाटत असावं. वाचायचं, मराठीत सांगायचं, कागद परत द्यायचा.

वरच्या मजल्यावर काकू, माझा चुलतभाऊ आणि वहिनी राहायचे. दादा विक्रोळीला एका कारखान्यात फिटर होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तपासण्या चालू होत्या, म्हणजे वहिनीच्या. दोनदा तिची पिशवी साफ करून झाली होती, एकदा नळ्यांचा फोटो काढला होता. दादाला तपासावं, हे काकूंच्या किंवा माझ्या आईच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, आणि मी तर जीवशास्त्र शिकत होते.

शेवटी घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नवऱ्याचा रिपोर्ट आणल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही. दादा कुरकुरत गेला, पुढे एका स्पेशालिस्टकडेही जाऊन आला, आणि घरी म्हणाला, "माझं सगळं ओके आहे."

काकूंना तेवढं पुरलं. गणपतीला गावी जायचं, वहिनीला तिथेच ठेवायचं, मग सोडचिठ्ठी आणि दुसरी मुलगी. हे त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून, वहिनीसमोरच सांगितलं. "सहा वर्षं थांबलो मां गो? आणखी किती थांबायचं?"

वहिनी खोबरं किसत होती. ती किसतच राहिली.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी ती भाजीच्या पिशवीतून एक पाकीट घेऊन खाली आली. "वाच गं. त्यांच्या कपाटात होतं, स्वेटरच्या खाली."

रिपोर्टमध्ये शुक्रजंतूंच्या रकान्यापुढे एकच शब्द टाइप केला होता, निल. सोबत स्पेशालिस्टांचं डॉक्टरीणबाईंना पत्र होतं. लग्नाआधी रोग्याला गनोरिया झाला होता. त्याने दुकानातून कॅप्सूल आणून दोन दिवस घेतल्या आणि बरं वाटताच सोडल्या. नंतर ताप आणि सूज. आता दोन्ही बाजूंच्या एपिडिडिमिसमध्ये अडथळा असावा. पत्नीलाही तपासून उपचार द्यावेत.

एपिडिडिमिस मला माहीत होता. उंदराच्या विच्छेदनात मी तो पाहिला होता, पेन्सिलीने काढून नावही दिलं होतं. पण मराठीत सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. जे होते ते बसस्टॉपवर कानावर पडलेले, वहिनीसमोर न उच्चारण्यासारखे.

"लिहून देते," मी म्हणाले आणि जर्नलचं एक कोरं पान फाडलं.

"दादाला लग्नाआधी एक आजार झाला होता. तो बाईकडून पुरुषाला आणि पुरुषाकडून बाईला होतो. औषध अर्धवट घेतल्यामुळे तो आत राहिला आणि बीज बाहेर येण्याच्या नळ्या बुजल्या असाव्यात. डॉक्टरांनी तुलाही तपासायला सांगितलं आहे."

वहिनी सातवी शिकलेली. तिने बोट ठेवून वाचलं.

"परमा," ती म्हणाली.

"काय?"

"परमा म्हणतात ह्याला. आमच्या वाडीत एकाने मुंबईहून आणला होता. तू एवढी कशाला लाजतेस? तुला थोडाच झालाय?" ती हसली. मग पुन्हा शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "मला का तपासायचं?"

"तुलाही असू शकतो. बायकांना पुष्कळदा कळत नाही."

तिने पानाची घडी घातली. "म्हणजे आणला त्यांनी, दिला मला, आणि गावी राहायचं मी?"

पाकीट तिने परत स्वेटरखाली ठेवलं. माझं पान मात्र स्वतःकडे ठेवलं. त्या रात्री तिने दादाला एवढंच विचारलं, "आईंना तुम्ही सांगताय, की मी वाचून दाखवू?" हे तिनेच मला नंतर सांगितलं.

रविवारी काकू आमच्याकडे गावी न्यायच्या सामानाची यादी करत होत्या. दादा दारातच उभा राहिला. "हिचं परतीचं तिकीट काढलंय."

"कशाला?"

"हिच्यात काही नाही. दोष माझ्यात आहे."

"कोण म्हणालं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे पाहिलं. "डॉक्टर," तो म्हणाला.

"डॉक्टरांना काय कळतं!" काकू म्हणाल्या. सहा वर्षं डॉक्टरांच्याच सांगण्यावरून त्या वहिनीला दवाखान्यांतून फिरवत होत्या.

वहिनी गौरीविसर्जनानंतर परत आली, आईला आमसुलं घेऊन. दोघांनी घाटकोपरला जाऊन औषधाचा कोर्स पुरा केला. त्याने संसर्ग जातो, बुजलेल्या नळ्या उघडत नाहीत. ऑपरेशनची खात्री डॉक्टर देईनात, आणि दादाने ते केलं नाही. मूल झालं नाही. काकू बोलायच्या थांबल्या नाहीत, पण गावाचं नाव पुन्हा काढलं नाही.

दादाने नंतर मला एकही कागद वाचायला दिला नाही. विम्याची पत्रंसुद्धा तो कारखान्यात नेऊन सुपरवायझरकडून वाचून घ्यायचा.