‘अवुनु सार’ आणि भाऊजींची कुसळं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. हैदराबादेत भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, केमोबद्दल डॉक्टर तेलुगूत जे बोलले, त्यातलं मला अर्धंच कळलं होतं. आम्हा आदिलाबादच्या मराठी मास्तरांची तेलुगू बाजारात नि मंडल ऑफिसात पुरते. दवाखान्यात तिला धाप लागते. पण ‘कळलं नाही’ म्हणायची लाज. दर वाक्याला मान हलवत ‘अवुनु सार’, हो सर, म्हणत गेलो.

बाहेर बाकावर ताई-भाऊजी बसलेले. मी पडलो विज्ञानाचा मास्तर. अर्ध्या माहितीवर पूर्ण तास घेतला.

“रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी हाडाच्या मगजात चिकटून राहतात. त्यांच्या अंगावर चिकटणारे रेणू असतात, धोतराले कुसळं धरतात ना, तसे. केमोनं आन् सुयांनं ती पकड सुटते, पेशी रक्तात येतात. मशीन त्या गोळा करते, गोठवून ठेवते. मंग मोठा केमो. मंग त्याच पेशी तुमाले परत.”

भाऊजींनी डोळे बारीक केले. “मंग साळेसाहेब, कुसळ गळलेली पेशी परत हाडात चिकटन कशी?”

डॉक्टरचं दार समोरच होतं. विचारायला गेलो असतो तर माझी तेलुगू उघडी पडली असती.

“नवं कुसळ येते,” मी म्हणालो. “डॉक्टरनंच सांगतलं.”

“आणा मंग कागद.” तोवर ते उपचाराच्या संमतीवर सही करायला नाहीच म्हणत होते.

मोठा केमो झाला, पेशी परत चढवल्या, पण रक्तातल्या पेशींचे आकडे हलेनात. तोंड फोडांनी भरलेलं, तरी भाऊजी विचारत, “काऊन हो गुरुजी, पेरणी वाया गेली का?” ताई हसायची. मीही हसायचो, मग जिन्यात जाऊन रडायचो.

एका सकाळी आकडे चढले. नंतर वाचून कळलं, ती पकड पेशींना खरंच परत मिळते. थाप नशिबानं खरी निघाली नि माझी पंचाईत झाली. आता भाऊजी प्रत्येक लग्नाच्या मांडवात मला पुढे ढकलतात. “आमच्या साळ्याले इचारा, त्याले पेशींचं समदं ठावं!”

परवा जवळच्या तलमडुगु गावची एक बाई नवऱ्याची फाईल घेऊन आली. मी म्हणालो, “डॉक्टरले विचारा. कळेपर्यंत विचारा.”

“पाहा, मास्तर भाव खाऊन राह्यला,” भाऊजी म्हणाले.

त्यांनी सही केली ती डॉक्टरच्या शब्दावर नव्हे, माझ्या थापेवर. हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं माझं देणं अजून बाकी आहे.