तीन हात लाल ऑइलपेंट

बबन तिसऱ्यांदा गाडी ढकलत माझ्या दुकानात आला, तो शुक्रवार होता. रविवारी त्याला डोळखांबला मुलगी पाहायला जायचे होते. त्याच मुलीला. आधीच्या दोन्ही रविवारी तो तिच्या घरापर्यंत पोचलाच नव्हता. पहिल्यांदा गाडी सरळगावच्या पुढे बंद पडली, दुसऱ्यांदा किन्हवलीत. दोन्ही वेळा मागे बसलेल्या दामूमामांसह तो भेंडीच्या टेम्पोत गाडी चढवून परत आला होता.

"काका, तिच्या बापानं निरोप धाडलाय," बबन म्हणाला. "या रविवारी नाय आलो, तर ते दुसरीकडं बघणार."

"एसटीने जा."

"कसा जाव? बायोडाटात लिवलंय ना. स्वतःची मोटारसायकल, रनिंग कंडिशन."

"कोणी लिहिले?"

बबनने सोबत आलेल्या मामांकडे पाहिले. मामांनी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

मुरबाडमध्ये मी अनेक वर्षे दुचाकींचे इलेक्ट्रिकचे काम करतो आहे. बबन म्हशाजवळचा. गाडी त्याच्या वडिलांच्या वेळची. या जुन्या मॉडेलमध्ये बॅटरी संपली की प्लगला ठिणगी मिळत नाही आणि इंजिन थांबते. मात्र चार्जिंग बिघडल्याबरोबर गाडी बंद पडत नाही. बॅटरीत जेवढे शिल्लक असेल, तेवढे अंतर ती जाते. त्यामुळे बिघाड दुकानात दिसत नाही. तो किन्हवलीत दिसतो.

चार्जिंगची रचना सोपी आहे. इंजिनच्या बाजूला मॅग्नेट फिरते. त्याच्या आत तांब्याच्या तारेची कॉइल असते. तेथे वीज तयार होते. ती वीज बॅटरीला जशीच्या तशी चालत नाही, म्हणून मध्ये रेग्युलेटर नावाची लहानशी पेटी असते. ती विजेची दिशा एक करते आणि तिचा जोर आवरते. इंजिन जरा रेस केल्यावर बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास दिसले, तर चार्जिंग ठीक आहे असे समजावे.

पहिल्या खेपेला मी बॅटरी बदलली. ती जुनी होती आणि तिला दोष देणे सोयीचे होते. दुकानात गर्दी होती, म्हणून मीटर लावला नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

दुसऱ्या खेपेला मीटर लावला. बारा व्होल्ट, आणि तेही उतरत होते. कॉइल तपासली, उत्तम निघाली. मग नवा रेग्युलेटर बसवला. बसवण्यापूर्वी चेसिसवरची जागा सवयीने पॉलिश पेपरने घासली. मीटरवर चौदा आले. मी गाडी बबनच्या ताब्यात दिली आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

आता पुन्हा बारा.

मी सीट काढली आणि टॉर्च मारला. मी बसवलेला रेग्युलेटर ॲल्युमिनियमचा, पांढरट रंगाचा होता. तेथे लालभडक रेग्युलेटर होता.

"बबन, हा कोणी बदलला?"

"कोणी नाय. तुमीच बसवलेला."

"मी लाल बसवला नव्हता."

"हां, मंग मी रंग दिला ना त्याला."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"तुमी तिथं घासून पार लोखंड दाखवलेलं," बबन म्हणाला. "सगळी गाडी लाल आन् मधीच पांढरा ठिपका. पोरीकडचे बघतील ना. म्हणून खोलला, खालच्या लोखंडासकट रंगवला, सुकवला, परत लावला."

"खालच्या बाजूनेही रंगवला?"

"सगळ्या बाजूंनी. अर्धवट काम आपल्याला जमत नाय."

"आणि चेसिस?"

"ती तर जत्रेच्या टायमाला केली. म्हशाला बैल विकायला न्यायचे होते, तर शिंगं रंगवली. अर्धा डबा उरला. नुसता सुकून गेला असता. मंग गाडीला मारला."

"किती हात?"

"तीन. बैलांना पण तीनच मारले."

"बैल पहिल्याच दिवशी गेले, मिस्तरी," मामा म्हणाले. "गिऱ्हाइकानं दात पण नाय बघितले. शिंगंच बघत बसला."

मी मीटरचे एक टोक रेग्युलेटरच्या अंगावर टेकवले. रंग इतका जाड होता की टोक दाबून खरवडावे लागले. दुसरे टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवले. तेथे शून्य यायला हवे होते. आले नाही.

वाचकांसाठी सांगतो. वीज तारेतून जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थिंग म्हणतो. या मॉडेलमध्ये रेग्युलेटरचे अंग चेसिसच्या उघड्या लोखंडाला टेकले, तरच ही वाट पूर्ण होते. मध्ये ऑइलपेंट आला की वाट बंद. बैलाच्या शिंगातून वीज परत यावी अशी कोणाची अपेक्षा नसते, म्हणून तेथे तीन हात चालतात.

मी बबनच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि रेग्युलेटरची खालची बाजू व चेसिसवरची जागा धातू दिसेपर्यंत घासायला सांगितले. तो एखाद्याची हजामत बिघडवल्यासारखा चेहरा करून घासत होता. शिवाय मी रेग्युलेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वेगळी वायर टाकली. मीटरवर चौदा आले.

"बघ, चौदा."

"हां," बबन म्हणाला. त्याने मीटरकडे पाहिलेच नाही. तो घासलेल्या जागेकडे पाहत होता.

पुढची हकिकत सोमवारी दामूमामांनी सांगितली.

गाडी डोळखांबला वेळेवर पोचली. मात्र अंगणात शिरल्यावर बबनने इंजिन बंद केले नाही. साइड स्टँडवर गाडी धडधडत ठेवून तो ओटीवर जाऊन बसला.

"मी त्याला सांगतोय, बंद कर, बंद कर," मामा म्हणाले. "तर कानात बोलतो कसा, मामा, परत नाय झाली तर?"

पोहे आले. मुलीच्या वडिलांनी शेती किती ते विचारले. बबनने "दोन बहिणी" असे उत्तर दिले. धुराने कोंबड्या परसात गेल्या. अंगणात गाडी चालू ठेवलेली ऐकून शेजारचे लोक कोणाला दवाखान्यात न्यायचे आहे का, हे पाहायला आले.

मुलीचे नाव मनीषा. ती गावात पिठाची गिरणी चालवते. तिने चहाचा ट्रे ठेवला, अंगणात गेली, चावी फिरवून इंजिन बंद केले आणि चावी बबनसमोर धरली.

"आता चालू करा," ती म्हणाली. "मोटर बंद करून परत चालू झाली, तरच ती चांगली. आमच्या गिरणीत आमी असंच बघतो."

मामांच्या सांगण्याप्रमाणे बबनला ओटीवरून गाडीपर्यंत जायला जत्रेतल्या पाळण्याच्या फेरीइतका वेळ लागला. त्याने बटण दाबले. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

मनीषाने पुन्हा बंद करायला लावली. पुन्हा चालू झाली. तिसऱ्यांदाही झाली.

"ठीक हाय," ती वडिलांना म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे.

मीटर दाखवूनही बबनने माझ्या दुरुस्तीवर विश्वास ठेवला नाही, याचा मला आधी राग आला. नंतर विचार केला. चौदा व्होल्ट मला दिसले होते, त्याला नाही. त्याला फक्त किन्हवली दिसत होती. आता दुरुस्ती झाली की मी मीटर पेटीत ठेवतो आणि गाडी ग्राहकाच्याच हाताने तीनदा बंद करून तीनदा चालू करायला लावतो. यात माझी पाच मिनिटे जातात. ग्राहक मात्र पुढे कोणाच्या अंगणात धूर करत नाही.