खाली ओढलेलं शटर

लातूरला माझं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. फुटपाथवर पोतं अंथरून खुरपी विकत ते उभं केलं. नांदेडला शनिवार-रविवार चाकू घडवायला शिकवतात असं कळलं, तेव्हा एवढ्याचसाठी गेलो की पुन्हा कुण्या लोहारानं मला फसवू नये. एकानं फसवलं होतं. सुगीच्या तोंडावर त्याच्याकडून घेतलेले विळे शेतात मोडले आणि लोकांनी ते आणून माझ्या काउंटरवर फेकले. मी भर बाजारात त्याला लबाड म्हणालो. त्याच्याकडून माल घेणं बंद केलं.

शेडमध्ये शिकवायला तोच उभा होता.

"या शेठ. आज माल न्यायला न्हाई, करायला आलात?"

मी तिथूनच परतलो असतो. पण संयोजकाशी घासाघीस करून मी फी निम्मी केली होती, मधेच सोडलं तर परत मागणार नाही या अटीवर. अट मीच सुचवली होती. लोहारानं भरदुपारी शटर खाली ओढलं. उजेडात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही, म्हणाला. आत आम्ही सातजण, भट्टी आणि तो. दोन दिवस माझ्या घणाखालची पट्टी त्यानंच सांडशीत धरली. जुन्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही, त्यानं मी आणखीच तापलो.

रविवारी चार वाजता चाकू लाल करून तेलात बुडवला. तो कडक झाला.

"द्या इकडं. पाचची एसटी आहे," मी म्हणालो.

"कच्चा हाय अजून. हळू आचेवर पुन्हा तापवायचा. तुरीच्या डाळीवाणी पिवळी झाक आली की मग पक्का."

"कडक झाला ना? मग द्या."

"मागताय तर घ्या."

त्या सुगीपासून दुकानात प्रत्येक विळा घेताना मी दगडावर आपटून बघतो. सवयीनं चाकू ऐरणीवर आपटला. काचेसारखे दोन तुकडे झाले.

"शेठ, आता बदलून मागा," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

त्यानं तुकडे उचलले. "तुमचे विळे असेच गेले. पंधरा दिवसांचं काम तुम्ही चार दिवसांत नेलं. पुन्हा तापवायचं राहून गेलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं शेठ. तुम्ही भाव करून राहिला होता."

कच्चे विळे त्यानं द्यायलाच नको होते, हे माझं म्हणणं आजही आहे. "मोठ्यानं सांगायचं होतं," मी म्हणालो. माझाच आवाज चढला होता.

त्यानं नवी पट्टी भट्टीत सरकवली आणि सांडशी माझ्या हातात दिली. "धरा. सातची बी एसटी हाय."

लबाड हा शब्द मी चारचौघांत उच्चारला होता. परत घ्यायचा तर इथंही चारचौघे होते. शटर खालीच होतं. पट्टी लाल होईपर्यंत मी सांडशीची पकड बदलत राहिलो.