बावचीची पट्टी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट ठाऊक नाही. लपवायचाच कंटाळा आलाय आता, एवढंच खरं.

नव्वदच्या दशकात मी तळोज्याच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. क्रीम, लोशन, उटणी. तेव्हा डबीवर हिरवं पान छापलं की माल खपायचा, त्यामुळे साहेब सारखी नवी वनस्पती घेऊन यायचे — कोरफड, मंजिष्ठा, काय काय. तिचा अर्क काढायचा आणि पॅकिंगच्या बायकांच्या हातावर लावून बघायचा, हे माझं काम. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, अर्कात भिजवलेला कापूस आणि त्यावर चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची, मग कातडी लाल झाली का ते बघायचं. बायका हसत हात पुढे करायच्या. भरवसा होता ना त्यांचा माझ्यावर — मी शिकलेली!

मे महिन्यात बावचीची पाळी आली. बावचीचं एक असतं — ती लावलेल्या जागी ऊन लागलं तर कातडी भाजून निघते. मी वाचलं होतं हे. पुस्तकात त्या ओळीखाली पेन्सिलने रेघसुद्धा मारली होती. पण शनिवारचा अर्धा दिवस, मला एपीएमसी मार्केटमधून आंब्याची पेटी घ्यायची होती, घाईघाईत पट्ट्या लावल्या. उद्या सकाळी पट्टी काढा, घरचं काही लावू नका, एवढं सांगितलं. आणि उन्हाचं? — ते राहिलंच.

सोमवारी पॅकिंगमधली, नावडे गावची अनुसया आली ती हात दुसऱ्या हातात धरून. पट्टीच्या जागी टरारून फोड आलेले. बाकी सगळ्यांचे हात स्वच्छ. साहेब समोरच उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "हिनं बिब्बा लावलेला दिसतोय."

सुचलं तरी कसं मला ते? बिब्बा उततो, फोड येतात, हे आपल्याकडे कोणाला पटवावं लागत नाही. दुखण्याखुपण्यावर घरोघरी लावतातच. साहेबांना पटलं. बायकांनाही पटलं.

"ताय, बिबा मी लावलाच नाय," अनुसया म्हणाली. "काल जवला सुकत घातला व्हता. दिसभर उन्हान बसली व्हती."

ऐकलं मी — नीट ऐकलं. त्याच क्षणी सगळं कळलं. आणि वहीत लिहिलं: घरगुती औषध लावल्यामुळे फोड.

कबूल कर, माफी माग, तुला ठेवतो, असं साहेब तिला म्हणाले. ती कबूल झाली नाही. होणार कशी? त्याच आठवड्यात तिला काढलं. मी खिडकीशी बाटल्या धूत होते. ती गेटकडे जाताना दिसली, तरी मी धूतच राहिले. लाज वाटत होती का? वाटत होती. पण हललेही नाही.

इथवरचं भीतीपोटी झालं, असं म्हणता येईल. पुढचं मात्र तसं म्हणता येत नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा तोच अर्क, पातळ करून. तोवर मी कायम झाले होते. साहेब बाहेरगावी होते. मी बायकांना बजावलं, हात झाकून ठेवा, ऊन लागू देऊ नका. लीला, अनुसयेची जाऊ, तीही आमच्याच पॅकिंगमध्ये. घरातही अनुसयेला सगळे खोटारडी म्हणतात, हे मला लीलाकडूनच कळलं होतं. पट्टीसाठी हात पुढे करत तिनं विचारलं,

"मंग अनुसयाला त्या उन्हानंच झाला का, ताय?"

कशाची भीती होती मला त्या दिवशी? कशाचीच नाही. लीला उत्तरासाठी थांबली होती, हात पुढे धरून.

"नाही," मी म्हणाले, आणि तिच्या हातावर पट्टी चिकटवली.