अष्टमीचं पाणी

जोमाकाका खाडीचं पाणी चाखायचे. भाईंदरजवळच्या मुर्धा गावाच्या बांधात एक लाकडी दार होतं. भरतीचं पाणी त्यातून मिठागरात घेत, त्याला उघाडी म्हणत. तिथे उकिडवं बसून ते बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मिठाला बरा हाय." नाहीतर पचकन थुंकून, "आज कारखान्याचा सोडलाय." उघाडीची राखण तीस वर्षं त्यांच्याकडे होती आणि तेवढ्या वर्षांत त्यांची जीभ चुकल्याचं गावात कुणी सांगत नसे.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा इतका नवा होता, की घरी सांगितला तर आई विचारायची, "यात नोकरी लागते का रे?" विद्यापीठाने एक नवा अभ्यासक्रम काढला होता. एकाच प्रश्नाकडे चार शाखांच्या डोळ्यांनी पाहायचं, असं आमचे सर सांगत. आमच्या गटात मी रसायनवाला, सुलभा समाजशास्त्राची, शिवाय एक वनस्पतीवाला आणि एक अर्थशास्त्रवाला. प्रश्न मिळाला मुर्ध्याच्या खाडीचा. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना झाल्यापासून मासळी मरते, अशी गावाची तक्रार होती.

पहिल्याच दिवशी काकांनी माझ्या बाटल्यांकडे पाहून विचारलं, "यवरा औषध कुनासाठी रं?" मी ऐटीत पाण्यातल्या प्राणवायूबद्दल भाषण ठोकलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "पान्याला इचार, पन त्याच्या येलंला इचार. पुनवेच्या भरतीला दर्या आत येतो, समदा धुवून नेतो. तवा तुला काय गावनार न्हाय. अष्टमीला पानी कमी चढतो. तवा दुपारच्या ओहोटीला ये. मी हाय उघाडीवर." सुलभाने हे शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतलं. मीही मान डोलावली.

अष्टमी आली ती वैशाखातली. भर दुपारी गुडघाभर चिखलात उतरायचं माझ्या जिवावर आलं. खरं कारण एवढंच. मी घरी पंख्याखाली झोपलो. पुढे पौर्णिमेला, बांधावर बसून पायाला पाणीसुद्धा न लागता हात बुडवता येत होता, तेव्हा आठही बाटल्या भरल्या आणि चारांवर अष्टमीच्या ओहोटीची तारीख घातली. तक्ता झकास जमला. भरती आणि ओहोटीत फरक जवळजवळ नाहीच. सर म्हणाले, "आकडे छान जुळतायत तुझे." अहवालात सुलभाच्या प्रकरणात काकांचं बोलणं होतं, माझ्या प्रकरणात माझा तक्ता होता. चार शाखांचा एक अहवाल म्हणजे चार जणांचे कागद एका दोऱ्यात शिवलेले. एकाने दुसऱ्याचं वाचलं नव्हतं.

गावाने कारखान्याविरुद्ध अर्ज केला, त्याला आमचा अहवाल जोडला. जोडायला लावला काकांनीच. "इद्यापीठाची पोरा हायत, खरा लिवतील." शाळेच्या पडवीत, चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांसमोर सगळा गाव बसला. साहेबांनी सुलभाचं प्रकरण भराभर उलटलं आणि माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. "लोक काय, काहीही सांगतात. शास्त्र सांगतंय, ओहोटीचं पाणीही चांगलंच आहे. मग तक्रार कसली?"

काका उठले. रागाने नव्हे, चुकलेला हिशोब समजून घ्यावा तसं त्यांनी विचारलं, "पोरा, अष्टमीला तू आलतास?"

तेव्हा 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. शेजारी सर बसले होते, महिन्यावर परीक्षा होती. मी म्हणालो, "आलो होतो काका. तुम्हीच उघाडीवर नव्हता."

राखणदाराला चार लोकांत असं म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. काकांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आसल. म्हातारा झालो. डोला लागला आसल माजा." आणि खाली बसले.

अर्ज फेटाळला गेला. मला पहिला वर्ग मिळाला.

दोन वर्षांनी एका कामासाठी भाईंदरला गेलो होतो, तेव्हा धीर करून मुर्ध्यालाही गेलो. काका आदल्या पावसाळ्यात वारले होते. काकूंनी ओळखलं, बसायला गोणपाट टाकलं. त्या सभेनंतर मिठागराच्या मालकाने उघाडी दुसऱ्याकडे दिली होती. झोपणारा राखणदार कोण ठेवणार? खाडीत मासळी उरली नव्हती, आणि ही शिकलेली पोरं गावात आणली कुणी, असं लोक काकांनाच बोलत होते.

"त्या अष्टमीला म्या भाकर घेऊन गेलते तितं," काकू चुलीकडे पाहत म्हणाल्या. "उन्हात उबा व्हता, तुजी वाट बगत. मंग सभेत डोला लागला आसा कसा बोललास, म्हून त्याला इचारला. तर बोलला, पोराची परीक्षा हाय. आपल्या पायी नापास व्हायाला नको."

त्यांनी एवढंच सांगितलं, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या अष्टमीला मी खरंच आलो होतो का, हेच काकू विचारत होत्या, आणि उत्तर आता फक्त मला ठाऊक होतं. मी ते दिलं नाही. त्यांनी पुढे केलेला चहा मी बशीत ओतून प्यालो, नमस्कार केला आणि निघालो.