साडूंना न आवडलेली हॉटेलं

यवतमाळात बाहेर जेवायला कुठे जावं, या प्रश्नाला ‘कुठेच नाही’ असं ठाम उत्तर देणारा एकच माणूस या शहरात आहे आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हटल्यावर त्यांचं ऐकून घेणं मला भाग आहे. बिचाऱ्या हॉटेलवाल्यांनी काय पाप केलंय, ते कळत नाही. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून साडू रोज संध्याकाळी स्कूटर काढतात, कुठल्या तरी हॉटेलात जातात आणि चिडून परत येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. आवडतं म्हणून जाणारे पुष्कळ असतात, नावडतं म्हणून इतक्या नेमाने जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जेवण ही त्यांच्या लेखी शेवटची गोष्ट. आधी पाटी वाचायची. “पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन समदंच लिवलं हाय ना, मंग तिथं कोणालेच काही येत नाई,” हा त्यांचा पहिला नियम. मग कांदा. वेटर पाणी ठेवतो न ठेवतो तोच ते कांदा मागवतात, नाकाशी नेतात आणि “सकाळचा कापलेला हाय,” म्हणून उठतात. आर्णी रोडवरच्या एका नव्या हॉटेलात तर ते थेट भटारखान्यात शिरले, कढईवर वाकून तेलाचा वास घेतला आणि होळीच्या सुमारास, भरल्या हॉटेलात, जाहीर केलं, “या तेलानं दिवाळी पाह्यली हाय!” बाभुळगावला तर्री-पोह्यांच्या गाडीवर त्यांनी विचारलं, “हे लाल हाय, तिखट नाई. रंग कायले खाऊ मी?” गाडीवाला शांतपणे म्हणाला, “नका खाऊ, काका.” यावर साडूंनी सगळी बशी चाटूनपुसून संपवली. अन्न टाकणं त्यांना आवडत नाही, म्हणे.

पुसदला एका लग्नात यजमानांनी हात जोडून “जेवण कसं झालं?” असं विचारलं. साडूंना असं कोणी विचारू नये. “हे वरण हाय का? डाळीनं आंघोळ केलेलं पाणी वाढलं तुमी,” इथून त्यांनी सुरुवात केली आणि ते जिलबीपर्यंत पोचेस्तोवर तिकडे नवरीची पाठवणी उरकली होती.

त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असतं, याचाच मला जास्त राग येतो. आमच्या गावात पनीर चावताना दात दुखतात आणि ‘फॅमिली गार्डन’ म्हणजे चार कुंड्या, निळे दिवे आणि भरपूर डास. पण म्हणून काय माणसाने कधी खुर्चीवर बूडच टेकू नये?

या सगळ्यात मरण होतं ते ताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला साडू त्यांना जेवायला बाहेर नेत. ताई ठेवणीतली साडी नेसून स्कूटरवर मागे बसत. साडू एकेका हॉटेलाच्या दारातून नाक मुरडून परत फिरत आणि गावाला वळसा घालून दोघं घरी येत. मग ताई तीच साडी खोचून कणीक भिजवत. “एकदा हाटेलात बसून जेवाचं हाय मले,” त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. “मंग जेवण कसंबी असो.”

यंदा आम्ही दोघं त्यांना आमच्या गाडीतून घेऊन निघालो. पहिल्या ठिकाणी दिवे मंद होते. “अंधार काहून केला? भाजी दिसू नये म्हणून!” बाहेर. दुसऱ्या ठिकाणी मेनूकार्ड जाडजूड होतं. “जेवाले आलो का अभ्यासाले?” बाहेर. तिसरं धामणगाव रोडवरचं साधं थाळीचं हॉटेल. तिथे निदान बसलो. कांदा आला, साडूंनी हुंगला आणि ते उठले. सवयीने मी आणि बायकोही उठलो.

ताई उठल्या नाहीत.

“तुमी पाहून या दुसरं,” त्या म्हणाल्या. “मी बसतो इथंच.”

“अवं, भिकार जेवण हाय इथचं!”

“असू द्या.”

साडू उभेच. आजूबाजूची माणसं बघायला लागली, तसे ते बसले. थाळ्या आल्या. जेवण खरोखरच भिकार होतं. वांग्यात वांगं शोधावं लागत होतं. साडूंनी आपल्या ताटाला हात लावला नाही, ते नुसते ताईंकडे बघत होते. पोऱ्या आतून एकेक पोळी आणून ताटात टाकत होता. ताई पोळीतली वाफ जाऊ देत आणि सावकाश खात. मध्येच बोटाला चटका बसला तेव्हा त्या चक्क हसल्या.

त्यांनी ताट स्वच्छ केल्यावर साडूंना राहवलं नाही. “आता सांग, कसं होतं?”

ताईंनी थोडा विचार केला.

“गरम होतं,” त्या म्हणाल्या.

साडूंनी स्वतःच्या ताटातल्या गार झालेल्या पोळीला बोट लावून पाहिलं. माझी बायको दुसरीकडे बघायला लागली. इतकी वर्षं सणावाराला ताईंच्या हातच्या तव्यावरच्या पोळ्या मीही खाल्ल्या आहेत आणि त्या वेळी त्या स्वतः कधी जेवतात हे मला सांगता आलं नसतं. मला फार वाईट वाटलं.

मग साडूंनी हात वर करून वेटरला बोलावलं. तो घाबरतच आला.

“एक पोळी आन अजून,” साडू खालच्या आवाजात म्हणाले. “गरम. यांच्यासाठी.”

ताईंचं पोट भरलं होतं. तरीही त्यांनी ती खाल्ली.